‘ग्राफ्टिंग’ला कलम म्हणावे की रोपण?

पार्लेकरीण: इंधन घटांवरील (हायड्रोजनसारख्या इंधनापासून थेट वीज करणाऱ्या साधनांवरील) एका प्रदर्शनाच्या फलकांचा मजकूर मी मराठीत आणते आहे. एका फलकावरची ‘ग्राफ्टिंग’ची प्रक्रिया अशी आहे: ईटीएफई या फ्लोरीनयुक्त प्लॅस्टिकची पातळ फिल्म इलेक्ट्रॉन झोताखाली किंवा कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांत धरायची, तिच्या रेणुसाखळ्यांवर जी मुक्त मूलके (बंध तुटल्याने मोकळी झालेली, चटकन जोडली जाणारी ठिकाणे) तयार होतात तेथून स्टायरीनच्या साखळ्या वाढवायच्या आणि नंतर क्लोरोसल्फोनिक आम्लाच्या साहाय्याने त्या साखळ्यांना सल्फोनिक आम्लगट जोडायचे, म्हणजे ओल्या फिल्ममधून प्रोटॉन पलीकडे जाऊ शकतात. मी ‘किरणोत्सर्गाने कलम केलेला पडदा’ असे लिहिले होते. तपासनिसांनी ते खोडून ‘प्रारण-रोपित पटल’ (प्रारण म्हणजे रेडिएशन) केले आणि बाजूला ‘कलम आंब्याचे असते’ असा शेरा मारला. जाणकारांचे मत हवे आहे.

माहूल रोड: कलमाचा निकाल लावण्याआधी ‘किरणोत्सर्ग’ काढून टाका. किरणोत्सर्ग हा कोबाल्टचा गुण आहे, फिल्मचा नव्हे. कोबाल्ट-६० चे १.१७ व १.३३ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेचे गॅमा किरण रेणूंमधील बंध तोडतात, अणुकेंद्राला मात्र धक्का लावत नाहीत, त्यामुळे फिल्म किरणोत्सर्गी होत नाही. इलेक्ट्रॉन झोत तर त्वरकातून येतो. यंत्र बंद केले की संपला, तेथे किरणोत्सर्गी द्रव्य औषधालाही नसते. ट्रॉम्बेच्या आयसोमेड प्रकल्पात १९७४ पासून वैद्यकीय साहित्य गॅमा किरणांनी निर्जंतुक होत आले आहे आणि लासलगावला हापूसवरही असे किरण सोडले गेले आहेत. त्याला ‘किरणोत्सर्गी हापूस’ म्हणून पाहा, बागायतदार काय करतील ते कळेल. आम्ही नोकरीत असताना ‘फिल्मला इतके किलोग्रे डोस दिला’ एवढेच म्हणत असू (ग्रे हे शोषलेल्या किरण-ऊर्जेचे एकक). लिहिताना ‘विकिरण’ लिहावे.

शब्दशुद्धी: विकिरण म्हणजे विखुरणे, त्यापेक्षा तपासनिसांचे ‘प्रारण’ नेमके आहे. ‘कलम’ हा अरबी शब्द, लेखणीचा आणि बोरूचा. ‘रोपण’ आपले असताना उसनवारी कशाला?

देवगडचा दादरकर: उसना असेल, पण कोकणात तो इतका मुरला आहे की परत करायला आता सावकार सापडणार नाही. माझे वडील कलमे बांधत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. कोय कलमात रायवळ आंब्याच्या कोयीतून आलेल्या, अजून तांबूस पानांच्या कोवळ्या रोपाचा शेंडा छाटतात, उरलेल्या दांड्याला मधोमध उभी चीर देतात, तीत पाचरीसारखी तासलेली हापूसची काडी बसवतात आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने जोड घट्ट आवळतात. खालचा तो खुंट. रसायनशास्त्रातही ज्या फिल्मवर साखळ्या वाढवतात तिला झाडाचे खोड म्हणण्याची पद्धत आहे, म्हणजे आपल्या भाषेत खुंटच. ‘कलम’ म्हटले की खुंट, जोड, वाढ ही सगळी परिभाषा आपसूक हाती येते. रोपणात खुंटच नसतो. रोप जमिनीत लावतात.

रसायनी: येथेच माझा आक्षेप आहे. हापूसची काडी आधी वाढलेली असते आणि मग बांधली जाते. येथे स्टायरीनचा एकेक रेणू येऊन साखळी जागेवरच लांबत जाते. तो फुटवा झाला, कलम नव्हे. शिवाय कलमाचा जोड एका ठिकाणी दाखवता येतो. फिल्ममध्ये वाढ दोन्ही पृष्ठभागांवर सुरू होते, वाढलेला थर स्टायरीनने फुगतो, त्या फुगलेल्या थरातून स्टायरीन आणखी आत झिरपते आणि दोन्हीकडच्या आघाड्या मध्यभागी मिळेपर्यंत हे चालू राहते. त्या मिळाल्या नाहीत, तर मध्ये मूळच्या प्लॅस्टिकचा कोरा थर उरतो आणि प्रोटॉनची वाट तेथे बंद होते, मग वजन कितीही वाढलेले असो. (वाढ वजनावरूनच मोजतात: १०० ग्रॅम फिल्मची १२५ ग्रॅम झाली, तर प्रमाण २५ टक्के.)

देवगडचा दादरकर: फुटवा तर मुळीच चालणार नाही. खुंटाचा फुटवा खुंटाच्याच जातीचा असतो; जोडाखाली तो दिसला की आम्ही खुडून टाकतो, नाहीतर हापूस मागे पडून रायवळ माजतो. येथे खोड फ्लोरीनयुक्त आणि वाढ स्टायरीनची, म्हणजे दोन जाती, आणि दोन जातींच्या जोडालाच कलम म्हणतात.

पार्लेकरीण: मूळ मजकुरात आणखी एक वाक्य आहे. फिल्म स्टायरीनमध्ये बुडवून दोन्हींवर एकदमच किरण सोडले, तर फिल्मला न चिकटलेले सुटे पॉलिस्टायरीनही तयार होते आणि ते द्रावकाने धुऊन काढावे लागते. आधी फिल्मवर किरण सोडून नंतर ती बुडवली, तर ही कटकट कमी होते. ‘कलम’ म्हटल्यावर हे सुटे पॉलिमर आपोआप बाहेर राहते, ‘रोपण’ म्हटल्यावर राहत नाही, असे मला वाटते.

सर्ग चौथा: शब्दशुद्धींसाठी एक अडचण. संस्कृतातही ‘कलम’ आहे आणि त्याचा अर्थ भाताची एक जात असा आहे. रघुवंशाच्या चौथ्या सर्गात रघूने उखडून पुन्हा गादीवर बसवलेल्या वंग राजांना उपटून पुन्हा रोपलेल्या कलमभाताची उपमा दिली आहे. कलम आणि रोपण एकाच श्लोकात नांदतात. आपल्या वाण्याकडचा वाडा कोलमही त्याच कुळातला असावा, असा माझा जुना संशय आहे.

शब्दशुद्धी: संशयाने व्युत्पत्ती सिद्ध होत नाही. भाताचा कलम वेगळा, आंब्याचे कलम वेगळे. लिंगसुद्धा जुळत नाही.

माहूल रोड: कोलमाचा भात शिजेपर्यंत पडद्याकडे पाहू. घरी पाण्याचे यंत्र दुरुस्त करायला येणारा मुलगा ‘मेम्ब्रेन बदलावा लागेल’ म्हणतो आणि ते सगळ्यांना कळते. फलकावर ‘मेम्ब्रेन’ लिहायला काय हरकत आहे?

शब्दशुद्धी: पूर्ण हरकत आहे. ‘पटल’ सुटसुटीत आहे.

देवगडचा दादरकर: आमच्याकडे पटल डोळ्यावर येते आणि मग दिसेनासे होते. फिल्म इतकी पातळ असेल, तर ‘पापुद्रा’ का नको?

रसायनी: पापुद्रा दुसऱ्या कामासाठी राखून ठेवावा. ही फिल्म पाण्याने फुगते आणि सुकली की आक्रसते. घट वारंवार चालू-बंद झाला की तिच्या पृष्ठभागावरचा इलेक्ट्रोडचा थर सुटू लागतो. पापुद्रा सुटणे हे त्या बिघाडाचे नाव म्हणून लागेल.