ॲप स्टोअरचे नियम जाचतात ते फक्त आळशांनाच?

अर्धविराम :
काल दुसऱ्या चर्चेत तिरकस यांनी ठोकून दिलं, "नियम सगळ्यांना सारखेच. रडतात ते आळशी डेव्हलपर." उत्तर लिहायला घेतलं ते लांबलं, म्हणून वेगळा धागा.

नियम सारखे असतील हो, पाळणारे सारखे नसतात. मोठ्या कंपनीत पॉलिसीच्या मेल वाचायला पगारी माणूस असतो. माझ्याकडे त्या मीच वाचतो, नोकरी उरकून रात्री साडेअकराला. माझं ॲप म्हणजे साधा मेट्रोनोम, रियाझाला ठेका देणारा. जाहिरात नाही, लॉगिन नाही, इंटरनेटची परवानगीसुद्धा मागत नाही. गेल्या वर्षी एका स्टोअरने त्याचं अपडेट फेटाळलं. कारण : "किमान उपयुक्तता नाही." सहा वर्षं हीच उपयुक्तता चालत होती! अपील केलं, तर तोच मजकूर स्वल्पविरामासकट परत आला. अपील निदान माणसाने तरी वाचावं! चौथ्यांदा तेच बिल्ड (ॲपची तयार फाइल), फक्त व्हर्जन नंबर वाढवून पाठवलं. पास. यात माझा आळस नेमका कुठे होता?

तिरकस :
मागे घेत नाही. टॉर्चच्या एका ॲपने लोकांचं लोकेशन जाहिरातवाल्यांना पुरवलं म्हणून अमेरिकेच्या एफटीसीने (ग्राहकहित पाहणारा सरकारी आयोग) २०१३ मध्ये कारवाई केली होती, आठवतंय? गूगलने २०१८ मध्ये एसएमएस आणि कॉल लॉगच्या परवानग्या आवळल्या तेव्हाही 'छोटा डेव्हलपर मेला' म्हणून असाच गळा काढला होता. माझ्या सासूबाईंनी कुणीतरी पाठवलेली एपीके (स्टोअरबाहेरून टाकता येणारी ॲपची फाइल) टाकली आणि ओटीपी परस्पर गेले. ते निस्तरायला मी तीन आठवडे फिरलोय. तुमच्या मेट्रोनोमच्या चार फेऱ्यांचं मला कौतुक नाही.

कंपाइलरकाका :
बिल्ड-पुराण चालू द्या, पण मूळ दुखणं ॲपमधल्या कमाईतून स्टोअर कापतं त्या ३०% कमिशनचं. एपिक कंपनीने १३ ऑगस्ट २०२० ला आपल्या फोर्टनाइट गेममध्ये स्वतःचं पेमेंट घुसवलं आणि त्याच दिवशी ॲपल, गूगल दोघांनीही गेम बाहेर काढला. त्यांच्याकडे वकिलांची फौज होती. आपण कुठे जायचं?

तिरकस :
काका, वर्तमानात या. वर्षाला १० लाख डॉलरपर्यंतच्या कमाईवर २०२१ मध्येच दोन्हीकडे १५% झालं. इथे कुणी ती मर्यादा ओलांडली असेल तर हात वर करा.

अर्धविराम :
हात खालीच. माझं ॲप फुकट आहे, शून्याचे १५% शून्यच. काका, मी कमिशनबद्दल बोललोच नव्हतो.

जुनाखोडरबर :
खरा जाच टार्गेट एपीआयचा (ॲप अँड्रॉइडच्या कुठल्या आवृत्तीसाठी बनवलंय तो आकडा), त्यावर कुणीच बोलत नाही. गूगल प्लेवर दर ऑगस्टअखेर आकडा वाढवा, नाहीतर काही काळाने नव्या फोनवाल्यांना ॲप दिसेनासं. माझं शब्दकोडं पूर्ण झालंय. पूर्ण! त्यात करण्यासारखं काही उरलेलं नाही. तरी ३५ ला, म्हणजे अँड्रॉइड १५ ला, टार्गेट केलं की त्या फोनवर ॲपची स्क्रीन आपोआप कडेपर्यंत पसरते. खालचं 'पुढे' बटण नेव्हिगेशन बारखाली गेलं. त्या एका बटणापायी माझे शनिवार-रविवार गेले.

तिरकस :
सॉफ्टवेअर पूर्ण होत नसतं. जुनं टार्गेट म्हणजे जुन्या परवानग्यांच्या पळवाटा. मालवेअरवाले तेच वापरतात.

जुनाखोडरबर :
शब्दकोड्यात कसल्या पळवाटा? आडवे सात, उभे पाच! खुर्ची बनवणाऱ्याला दरवर्षी पाय बदलायला सांगता का?

तिरकस :
खुर्ची ओटीपी वाचत नाही.

जुनाखोडरबर :
माझं कोडंही वाचत नाही, तेच तर सांगतोय तासभर! वाचता येत नसेल तर लिहू नका.

कंपाइलरकाका :
ॲपलनेही २०२२ मध्ये तीन वर्षं अपडेट नसलेली, डाउनलोड नगण्य असलेली ॲप काढण्याच्या नोटिसा धाडल्याच होत्या. पण ३०% चं...

जुनाखोडरबर :
काका, थांबा हो.

नवखी :
मध्ये पडते. नोव्हेंबर २०२३ नंतरच्या वैयक्तिक खात्याला प्लेवर ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी १२ टेस्टर (ॲप वापरून पाहणारे) सलग १४ दिवस दाखवावे लागतात, आधी तर २० होते. कंपनीच्या खात्याला ही अट नाही. एवढे लोक कुठून आणायचे? मग 'तू माझं टाक, मी तुझं टाकते' असे ग्रुप झालेत. माझ्या फोनमध्ये आत्ता हप्त्यांचे चार कॅल्क्युलेटर आहेत, एकही उघडून पाहिलेला नाही. याला टेस्टिंग म्हणायचं?

तिरकस :
बारा माणसं मिळत नसतील तर ॲप कुणासाठी बनवताय?

नवखी :
मूकबधिर मुलांच्या पालकांसाठी. माझ्या ओळखीचे असे पालक पाच आहेत. उरलेले सात तुम्ही पाठवा.

अर्धविराम :
तिरकस, आता बोला.

तिरकस :
बरं. १२ ची अट बिनडोक आहे, मान्य. एपीकेवर आणि परवानग्यांवर मी तसूभर हलणार नाही. आणि अपील माणसाने वाचावं हे तुमचं म्हणणं चूक नाही, एवढ्यावर भागवा. नवखी, लिंक पाठवा. घरचे चार फोन आहेत, सासूबाईंचा धरून. टेस्टिंग खरंच करणार, चुका काढल्या तर रडायचं नाही.

अर्धविराम :
पण चौथ्यांदा पास का झालं?

तिरकस :
शिफ्ट बदलली असेल.

जुनाखोडरबर :
आणि माझ्या शब्दकोड्याचं काय?