कॅल्शियम कमी, तरी पीटीएच का वाढत नाही?

एचआयव्हीच्या काही रुग्णांत रक्तातलं कॅल्शियम उतरलं तरी पीटीएच (मानेतल्या पॅराथायरॉईड ग्रंथींचं, कॅल्शियम वाढवणारं संप्रेरक) वाढत नाही, याचं कारण ड जीवनसत्त्वाची कमतरता असं एक म्हणणं आहे. मला ते पटत नाही. ड कमी पडलं तर पॅराथायरॉईड उलट जोर लावते, पीटीएच चढतं. इथे ग्रंथीच गप्प आहे.

स्वीडनमध्ये उप्सालाच्या संशोधकांनी मानवी पॅराथायरॉईड पेशींवर सीडी४सारखं प्रथिन दाखवलं होतं. एचआयव्ही रोगप्रतिकारक टी-पेशींना चिकटतो तो त्यांच्यावरच्या सीडी४ या प्रथिनालाच, त्यामुळे धागा महत्त्वाचा आहेच. पण विषाणूला आत शिरायला सीसीआर५सारखा सहग्राहक, म्हणजे पेशीवरचं आणखी एक प्रथिनही लागतं, म्हणून तो ग्रंथी पोखरतोच असं लगेच म्हणू नये.

मला दुसरा रस्ता जास्त भक्कम वाटतो. आयएल-१ बीटा आणि आयएल-६ ही दाहातली प्रथिनं ग्रंथीच्या पेशींवरच्या, कॅल्शियम ओळखणाऱ्या ग्राहकाचं (रिसेप्टरचं) जनुक चेतवतात. ग्राहक वाढले की रक्तातलं कमी कॅल्शियमही ग्रंथीला पुरेसं वाटतं आणि स्राव आखडतो. गंभीर भाजलेल्या रुग्णांतही कमी कॅल्शियम आणि कमी पीटीएच अशी जोडी सापडते.

मॅग्नेशियम मात्र आधी तपासून घ्याच. ते फार खाली गेलं तर पीटीएच नीट सुटतच नाही, आणि नुसतं कॅल्शियम देऊन भागत नाही.