परत आल्यावरही सुटत नाही ती भीती

परदेशात बेकायदा राहून अडकलेल्या आपल्या लोकांबद्दल वर एकांनी लिहिलंय, 'स्वतःच्या मर्जीने बेकायदा गेले, मग त्रासाचं रडगाणं कशाला?' हे वाचून राहवलं नाही.

ऐरोलीत आमच्याच मजल्यावरचा एक मुलगा. एजंटने नोकरीचं सांगून व्हिजिट व्हिसावर दुबईला नेलं, तिथे नोकरीच नाही. मुदत संपली की रोजचा 50 दिरहम दंड चढतो. परतायला पैसे नाहीत, आणि कर्ज काढून पाठवलेल्या आईला सांगायची लाज. दोन वर्षं मिळेल ते काम, पगार बुडाला तरी तक्रार नाही, कारण पोलिसांकडे जायचं तर आधी आपणच अडकणार. 2024च्या सप्टेंबरमध्ये तिथे दंडमाफीची मुदत सुरू झाली, तेव्हा सुटला.

आता घरी आहे, पण दाराची बेल वाजली की आतल्या खोलीत जातो. झोप नाही, सतत डोकं दुखतं. (त्याची आई, म्हणजे काकू, अजून दृष्टच काढताहेत.)

स्पेनमधले मनोविकारतज्ज्ञ होसेबा आचोतेगी यांनी स्थलांतरितांच्या अशाच अवस्थेला 'युलिसिस सिंड्रोम' म्हटलंय. एकटेपणा, पकडले जाण्याची भीती, अपयश, रोजच्या पोटाची चिंता, हे सगळं एकदम आणि दीर्घकाळ सोसल्याचा तो ताण. ते त्याला वेड म्हणत नाहीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कारण आपल्याकडे मानसोपचार म्हटलं की 'ठाण्याला (तिथल्या मनोरुग्णालयात) नेणार का?' हाच पहिला प्रश्न. काकूंनीही तोच विचारला.

शेवटी 14416 वर, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, त्या मुलानेच फोन लावला. फुकट आहे, मराठीत बोलतात. पहिल्या दिवशी तो नुसता रडला.