प्रोस्टेटच्या उपचारानंतर मागे उरलेलं: तुमचे अनुभव लिहा

नमस्कार मंडळी. वय ६९, राहणार सातारा. मार्च २०२२ मध्ये कॅन्सरमुळे माझी प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखालची ग्रंथी, काढली. दहाव्या दिवशी लघवीची नळी निघाली, दीड महिन्याने पीएसए (या आजाराची रक्ततपासणी) ०.१ च्या खाली आला आणि घरच्यांनी पेढे वाटले. मी मात्र सोफ्यावरून उठत नव्हतो. उठलं की गळायचं. शिंकलं, बादली उचलली, नातवाला कडेवर घेतलं, की गळायचं. डॉक्टर म्हणाले होते की सहा महिने ते वर्षभरात बरंच सुधारतं, आणि माझं सुधारलंही. पण ते वर्ष कसं काढायचं, हे मला कोणी सांगितलं नाही. ते सांगणारी माणसं एका जागी असावीत म्हणून हा धागा.

सगळ्यात जास्त लागलं ते पूजेचं. चाळीस वर्षं घरचे देव माझ्याकडे. सोवळं नेसून बसलो आणि थेंब गळला तर? या धास्तीने पूजा मुलाकडे दिली आणि कारण गुडघ्यांचं सांगितलं. बायकोलाही खरं सांगितलं नव्हतं.

व्यायाम मी चार महिने चुकीचा करत होतो. श्वास रोखून पोट नि मांड्या आवळायचो. मग एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी समजावलं: चारचौघांत वारा सरू नये म्हणून जे आवळतो, तेच स्नायू. पोट सैल, श्वास चालू. आवळायचं, धरायचं आणि तितकाच वेळ पूर्ण सोडायचं. सोडणंही व्यायामातच येतं, हे मला माहीतच नव्हतं. उठण्याआधी, खोकण्याआधी मुद्दाम आवळायचं. गळतं म्हणून मी पाणी तोडलं होतं, ते त्यांनी आधी सुरू करायला लावलं, कारण लघवी गडद झाली की मूत्राशय जास्त चिडतं. दिवसाला पाच पॅड लागायचे, आता एक लागतो.

तुम्ही लिहा. नाव नको, गाव नको, पण लिहा.

*नाशिक, पत्नी*

काका, तुमचं पूजेचं वाचून ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांना दर तीन महिन्यांनी इंजेक्शन असतं, टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, बंद करणारं. दुसऱ्या इंजेक्शननंतर ऐन थंडीत रात्री उठून बसायला लागले. मान, छाती घामाने निथळलेली, चेहरा लाल. ते घाबरले की हार्टचं काही आहे. मी मात्र लगेच ओळखलं. माझी पाळी गेली तेव्हा तीन वर्षं मी हेच काढलं होतं, आणि तेव्हा घरात कोणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. त्या रात्री मी ह्यांना ते पहिल्यांदा सांगितलं. ऐकून ते रडले. आमच्या लग्नाला ४१ वर्षं झाली, मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. रडू येणं हासुद्धा त्या इंजेक्शनचा परिणाम असू शकतो, हे नंतर कळलं.

आता उशाशी ओला नॅपकिन आणि सुती बंडी असते. कडक गरम चहा आणि तिखट रात्री बंद. आणखी एक, हाडांचं नक्की विचारा. हे अंगणात नुसते घसरले आणि मनगट मोडलं, तेव्हा कुठे हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी झाली. ती इंजेक्शन सुरू करतानाच व्हायला हवी होती. आता कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि रोज चालणं.

*कोल्हापूर, वय ७३*

मला ऑपरेशन नाही, लाईट, म्हणजे रेडिएशन, घेतले. ३७ वेळा. तेव्हा जळजळ झाली, थांबली, मी विसरलो. दीड वर्षाने शौचाला रक्त. मूळव्याध समजून तीन महिने गावठी औषध घेतलं. मनात मात्र सारखं, की आजार परत आला. शेवटी दुर्बिणीने पाहिलं तर लाईटमुळे गुदाशयाच्या आतल्या नाजूक झालेल्या रक्तवाहिन्या पाझरत होत्या. आर्गॉन वायूच्या साहाय्याने दोन वेळा त्या जागा जाळल्या, रक्त थांबलं.

कळकळीने सांगतो, दुर्बीण घालणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगा की इथे रेडिएशन झालंय. तिथला तुकडा तपासायला घेतला तर जखम भरत नाही, भोक पडण्याचा धोका असतो. आणि रक्त दिसलं की स्वतः मूळव्याध ठरवू नका.

*वय ५६, गाव लिहीत नाही*

दोन वेळा लिहून खोडलं. माझं ऑपरेशन होऊन चौदा महिने झाले. लघवीचं ठीक आहे. दुसरं ठीक नाही. वीर्यकोश काढतात म्हणून वीर्य येणार नाही, एवढं सांगितलं होतं. ताठरतेच्या नसा वाचवल्या तरी त्यांना सावरायला दीड-दोन वर्षं लागू शकतात, हे मला विचारल्यावर कळलं, आणि विचारायला मी अकरा महिने घेतले. तोवर मी हॉलमध्ये झोपत होतो. बायकोला वाटलं, माझं तिच्यावरचं मन उडालं.

सिल्डेनाफिलने, म्हणजे ताठरतेच्या गोळीने, थोडा फरक आहे. हृदयासाठी नायट्रेटची गोळी, जिभेखालची ती, चालू असेल तर मात्र ही अजिबात नाही, रक्तदाब एकदम कोसळतो. व्हॅक्यूम पंपही आणला आहे. पण मी खोलीत परत झोपायला गेलो ते गोळीच्या आधी, ज्या दिवशी तिला सगळं सांगितलं त्या दिवशी.

*बीड जिल्हा, मुलगा*

वडिलांना दर तीन महिन्यांनी इंजेक्शनला शहरात नेणं आम्हाला झेपत नव्हतं, म्हणून अंडकोश काढले. परिणाम तोच, एकदाच खर्च. पण दादांना ते बैल ठेचल्यासारखं वाटलं. पारावर जाणं बंद केलं. मग डॉक्टरांनी त्यांना बसवून सांगितलं की या कॅन्सरवर हा मार्ग लागू पडतो हे १९४१ मध्ये चार्ल्स हगिन्स या डॉक्टरांनी दाखवलं आणि त्यांना १९६६ चं नोबेल मिळालं. दादांना त्याने थोडा धीर आला. थकवा आहे अजून. सकाळी बांधापर्यंत चालतात, परत येऊन निजतात.

*न्यू जर्सी, वय ६४*

ज्यांचं गळणं वर्षानंतरही थांबलं नाही त्यांच्यासाठी. मला कृत्रिम झडप बसवली आहे. मूत्रमार्गाभोवती पट्टा, पोटात छोटा फुगा, अंडकोशाच्या पिशवीत पंप. तो दाबला की पट्टा सैल होतो, लघवी झाली की आपोआप आवळतो. ऑपरेशननंतर सहा आठवडे ती बंद ठेवली होती, ते दिवस अवघड गेले. खिशात कायम कार्ड ठेवतो, झडप निष्क्रिय केल्याशिवाय लघवीची नळी घालू नये असं त्यावर लिहिलेलं. दवाखान्यात बेशुद्ध पोचलो तर तेच बोलेल. तुमच्याकडे कोणी बसवली असेल तर तेही असं कार्ड ठेवा.

*सातारा, धागाकर्ता*

नाशिकच्या ताई, तुमचं लिहिलेलं मी आमच्या हिला वाचायला दिलं. नंतर गुडघ्यांचं खोटं कबूल केलं. ती म्हणाली, कचऱ्यात कागदात गुंडाळलेले पॅड तिला पहिल्या महिन्यापासून दिसत होते, मी बोलायची वाट पाहत होती.

पाडव्यापासून पूजेला बसतोय. सोवळ्याच्या आत घट्ट लंगोट आणि त्यात पॅड. उठताना आधी आवळतो, मग एक हात पाटावर टेकून उठतो. लंगोट कसा शिवून घेतला ते कोणाला हवं असेल तर सांगतो, पॅड सरकू नये म्हणून पुढे एक पदर जास्त घालावा लागतो.