बायकांसाठी वेगळा कृत्रिम गुडघा मागावा का?

धागा
माझ्या आईने सोलापूरच्या पूर्व भागात चाळीस वर्षे मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या. आता तिचे दोन्ही गुडघे बाहेरच्या बाजूला वाकले आहेत, आणि शस्त्रक्रियेला पर्याय नाही असे डॉक्टरांनी सांगितले आहे. खास बायकांसाठी घडवलेलाच गुडघा बसवावा, असे माझे ठाम मत आहे. मांडीच्या हाडाचे खालचे टोक पुरुषांच्या तुलनेत बायकांमध्ये अरुंद असते. त्यामुळे हाड पुढून मागे मोजून निवडलेला कृत्रिम भाग आडव्या अंगाने हाडाबाहेर डोकावतो, आणि तो तीन मिलिमीटरहून जास्त बाहेर राहिला तर दुखणे मागे राहण्याची शक्यता वाढते. हे ओळखूनच झिमर कंपनीने 2006 साली अमेरिकेत कमी रुंदीचा, पुढून पातळ असा गुडघा आणला. मग आपल्या बायकांनी तो का मागू नये?

प्रतिसाद १
ताई, आपली काळजी रास्त आहे, पण निष्कर्ष मला पटत नाही. कोरियातील एका चाचणीत प्रत्येक बाईच्या एका पायात नेहमीचा आणि दुसऱ्या पायात ‘बायकांचा’ गुडघा बसवला गेला. दुखणे, वाकणे, समाधान, कशातही सांगण्याजोगा फरक दिसला नाही. शिवाय ठेंगण्या, लहान हाडाच्या पुरुषाचे काय? आज अनेक कंपन्या एकाच मापात रुंद आणि अरुंद असे दोन्ही प्रकार देतात, तेव्हा मागायचे ते माप. केंद्र सरकारने ऑगस्ट 2017 मध्ये किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा कोबाल्ट-क्रोम या मिश्रधातूच्या गुडघ्याला 54,720 रुपये आणि जास्त वाकणाऱ्याला 56,490 रुपये, जीएसटी वेगळा, असे ठरले. त्या यादीत ‘बायकांचा’ असा वर्गच नव्हता. केवळ नावासाठी कोणी जादा पैसे मागत असेल, तर ते देऊ नयेत.

धागालेखिका
नावाचा आग्रह मी सोडते, मापाचा सोडणार नाही. शस्त्रक्रियेच्या दिवशी वितरक वेगवेगळ्या मापांचा जो संच घेऊन येतो, त्यात अरुंद माप नसेल तर आहे त्यावर भागवले जाते, आणि ते दुखणे आयुष्यभर बाईच भोगते.

प्रतिसाद २
मला तर दोघांचेही म्हणणे अपुरे वाटते. कॅनडात 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सारखाच त्रास सांगणारे दोन रुग्ण, एक पुरुष आणि एक स्त्री, डॉक्टरांकडे पाठवले गेले. शस्त्रक्रियेचा सल्ला पुरुषालाच अधिक वेळा मिळाला. आपल्याकडे तर बाई स्वतःच दुखणे अंगावर काढते. माझ्या सासूबाई भिंतीला हात लावत न्हाणीपर्यंत जात, पण विचारले की “वयाचं आहे, चालायचंच” म्हणत, आणि आम्ही ते खरे मानले. मांडीचे स्नायू वाळल्यावर मिलिमीटरभर अचूक बसलेला गुडघाही चालवणार कोण? आईंना आतापासूनच मांडी आवळण्याचे व्यायाम सुरू करा.

प्रतिसाद १
हे मान्य. मात्र उशीर झालाच आहे म्हणून मापाकडे दुर्लक्ष करणे बरे नव्हे. एक्स-रेवरून अंदाजे माप आधी काढता येते. ते डॉक्टरांना विचारा, आणि त्याच्या आजूबाजूची मापे संचात असतील याची खात्री करून घ्या.

धागालेखिका
सोमवारच्या भेटीत तेवढेच विचारणार आहे. व्यायाम आजपासून सुरू केले. विड्या वळणे आई सोडणार नाही म्हणते, म्हणून खुर्चीत बसून सूप ठेवता येईल असे टेबल सुताराकडे सांगून आले.