मदत हवी आहे : नाटोच्या खर्चातला ‘न्याय्य वाटा’ मोजायचा कसा?

नमस्कार मंडळी,

नाटोच्या, म्हणजे अमेरिका-युरोपातल्या देशांच्या लष्करी युतीच्या, संरक्षणखर्चावर एक लेख लिहायला घेतलाय आणि एका जागी पार अडकलोय.

२०१४ साली वेल्समधल्या परिषदेत प्रत्येक सदस्य देशाने जीडीपीच्या २ टक्के संरक्षणावर खर्च करायचं लक्ष्य ठरलं. २०२५ मध्ये हेगला ते २०३५ पर्यंत ५ टक्के झालं : साडेतीन टक्के थेट संरक्षणावर, दीड टक्का पूल, बंदरं, सायबर सुरक्षा वगैरेंवर. स्पेनने तेव्हाच कुरकुर केली. इथवर ठीक.

पण टक्केवारीने खरंच न्याय होतो का? नाटोच्या हिशेबात निवृत्त सैनिकांचं पेन्शनही धरलं जातं. म्हणजे एकाने रणगाडे घेतले, दुसऱ्याने पेन्शन दिलं, तरी कागदावर दोघं सारखेच! आइसलँडचं तर स्वतःचं सैन्यच नाही, तरी तो १९४९ पासूनचा संस्थापक सदस्य; त्याची जागाच अटलांटिकवर नजर ठेवायला मोलाची. आणि अफगाणिस्तानात डेन्मार्कसारख्या चिमुकल्या देशाने चाळीसहून अधिक सैनिक गमावले. ते कुठल्या रकान्यात मांडायचं? मला हेच सगळ्यात जास्त खुपतं.

दुसरी बाजूही पटते. रशियाच्या सीमेलगतचा पोलंड ४ टक्क्यांच्या वर खर्च करतो. त्याने दूरच्या, निवांत देशांकडे बोट दाखवलं तर चूक काय?

खर्चाबरोबर प्रत्यक्ष सैन्यक्षमता आणि मोहिमांतला सहभागही मोजणारी एखादी पद्धत कुणाला माहीत आहे का? अर्थशास्त्र किंवा संरक्षणशास्त्र शिकलेल्यांनी कृपया जरूर सांगा.