मैत्रीला धक्का न लावता आपल्या ख्रिस्ती विश्वासाबद्दल कसं बोलावं?

मोहरीचा_दाणा:
सहकारी मैत्रीण आहे, मी ख्रिस्ती आहे हे तिला माहीत आहे, पण विषय त्यापुढे कधी गेला नाही. सध्या तिचे वडील आजारी आहेत. येशूबद्दल तिला सांगावंसं मनापासून वाटतं, मात्र ‘म्हणूनच ही एवढी धावपळ करते होय’ असं तिला वाटायला नको. प्रार्थनेबद्दल विचारावं का? वाचायला काही द्यावं का, आणि कधी? ‘देव मार्ग दाखवेल’ हे उत्तर सोडून बाकी काहीही चालेल.

जुनी_विहीर:
आधी आजारपणाचं बघा, बाकीचं थांबू शकतं.

‘काही लागलं तर सांग’ या वाक्याचा उपयोग शून्य, कारण काम शोधायचं आणि वर मागायचंही त्याच दमलेल्या माणसाने. काम आणि वेळ ठरवूनच विचारा: ‘गुरुवारी 6 ते 8 मी वडिलांजवळ बसते, तू घरी जाऊन झोप.’ जेवण पाठवणार असाल तर पथ्य आधी विचारा, आणि परत करावी लागणार नाहीत अशी भांडी वापरा. सुरुवातीला सगळेच येतात. आजार लांबला की वर्दळ आटते, खरी गरज तेव्हा असते.

बायबलमध्ये ईयोब नावाच्या माणसावर संकटं कोसळली, तेव्हा त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले, तोवर त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्याच्या दुःखाची कारणं सांगायला लागले आणि बिघडलं. ‘देव परीक्षा पाहतोय’, ‘यातून काहीतरी चांगलंच होईल’ ही वाक्यं घरी ठेवून जा.

प्रार्थनेबद्दल जरूर विचारा, पण निघताना, एकदाच, आणि नकाराला जागा ठेवून: ‘वडिलांसाठी प्रार्थना केली तर चालेल? आत्ता इथे, की मी घरी करू?’ ती ‘इथेच’ म्हणाली तर अर्ध्या मिनिटात संपवा. नेहमीच्या आवाजात वडिलांचं नाव, रात्रीची झोप, डॉक्टरांचे निर्णय, बस. देवाशी बोलतोय असं दाखवत मैत्रिणीला प्रवचन ऐकवणं हा प्रकार लोकांना लगेच कळतो. बरं होण्याचं वचन तुमच्या खिशात नाही, ते देऊ नका. औषधाबद्दल तर अवाक्षरही नको.

एक गोष्ट हमखास चुकते: तिला न विचारता मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, प्रार्थना-गटात आजाराचा तपशील टाकला जातो. हेतू चांगला असला तरी घरातली गोष्ट चव्हाट्यावर येते, आणि ते तिला तिसऱ्याकडून कळलं की विश्वास संपला.

कणीस:
वरचं सगळं मान्य. पण ‘आधी मैत्री’ म्हणत वर्षानुवर्षं तोंडच न उघडणारेही पुष्कळ आहेत. तो संकोच असतो, आपण त्याला संयम म्हणतो.

बायबलमधलं 1 पेत्र 3:15 (पेत्राचं पहिलं पत्र, अध्याय 3, वचन 15) पाहा. तुमच्या आशेचं कारण कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, आणि ते सौम्यतेने व आदराने द्या. म्हणजे समोरच्याला विचारावंसं वाटेल असं काही दिसायला हवं. ‘रविवारी काय केलंस?’ याला ‘काही नाही, घरीच’ म्हणून टाळू नका. ‘उपासनेला गेले होते, क्षमेवर प्रवचन होतं, ते अजून डोक्यात आहे.’ एवढं बोलून थांबा. तिने विचारलं तर पुढे बोला. तिने विषय बदलला तर तुम्हीही बदला.

स्वतःची साक्ष, म्हणजे आपण विश्वासात कसे आलो ते, तीन मिनिटांत सांगता यावी. बायबलच्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात, अध्याय 26 मध्ये, प्रेषित पौल अग्रिप्पा राजापुढे बोलतो, तो क्रम वापरा: आधी काय होतं, येशू कसा भेटला, मग काय बदललं. लोक फसतात ते रंगवण्यात. आधीचं सगळं काळंकुट्ट, नंतरचं सगळं लख्ख, यावर शहाणं माणूस विश्वास ठेवत नाही. आजही जे सुटलेलं नाही तेही सांगा. मंडळीत रुळलेली भाषा बाहेर वापरू नका.

शांतवाट:
वाचनाबद्दल. अख्खं बायबल हातात देऊ नका. माणूस उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून सुरू करतो आणि नियमांनी भरलेल्या लेवीय या तिसऱ्या पुस्तकात अडकतो. पहिल्यांदा लूक 15:11-32, हरवलेल्या मुलाचा दाखला. रस वाटला तर मार्क: येशूचं जीवन सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांत सर्वांत लहान, 16 अध्याय. एका बैठकीला अध्यायच संपवायचा असा हट्ट नको, 14 व्या अध्यायात 72 वचनं आहेत. 10-12 वचनं आणि अर्धा-पाऊण तास पुरतो.

प्रश्न तीनच. इथे काय घडतंय? येशू कसा दिसतो? काय खटकतं? तिसऱ्याचं उत्तर आधी तिला देऊ द्या आणि लगेच खोडू नका. दर वाक्याला दुसरीकडचं वचन काढून दाखवलं की गप्पांची परीक्षा होते. उत्तर येत नसेल तर ‘बघून सांगते’ म्हणा, आणि खरंच बघून सांगा.

बोलावताना मर्यादा घाला: ‘चार वेळा वाचू, मग पुढचं तू ठरव.’ शेवट ठरलेला असला की हो म्हणणंही सोपं, नाही म्हणणंही. आणि ‘छोटासा कार्यक्रम आहे’ सांगून सुवार्तेच्या (धर्मप्रसाराच्या) सभेला नेणं ही सरळ फसवणूक आहे.

मोहरीचा_दाणा:
गुरुवारचं विचारते. पण पैशांची मदत लागली तर? आणि तिने सरळ ‘मला यात रस नाही’ म्हटलं तर?

जुनी_विहीर:
पैसे द्यायचे तर उसने नको, देऊन विसरा. ज्या भेटीत पैसे दिले त्या भेटीत विश्वासाचा विषय काढू नका. उपकाराखाली असलेल्या माणसाला मोकळेपणाने नाही म्हणता येत नाही, आणि नकाराची मोकळीक नसेल तर त्या होकाराला काय अर्थ? येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले, आभार मानायला परत एकच आला. उरलेल्या नऊ जणांचं बरेपण येशूने काढून घेतलं नाही.

तिने नाही म्हटलं तर ‘स्पष्ट सांगितलंस, बरं झालं’ म्हणा आणि पुढचा गुरुवार चुकवू नका. तुमचे फोन कमी होतात का, हे ती त्याच आठवड्यात पाहणार. त्यानंतर विषय तिने काढला तरच.

कणीस:
इथे थोडा मतभेद. बराच काळ गेल्यावर एकदा ‘तेव्हा नको म्हणाली होतीस, अजून तसंच वाटतं का?’ असं विचारायला हरकत नसावी. एकदाच मात्र.

आणि तिच्याकडूनही काही मागा. योहानाच्या शुभवर्तमानात, अध्याय 4 मध्ये, शोमरोन प्रांतातल्या एका स्त्रीशी बोलणं येशूने ‘मला प्यायला दे’ असं म्हणून सुरू केलं. सतत तुम्हीच देत राहिलात तर ती मैत्रीण न राहता तुमची लाभार्थी होते. ऑफिसातलं एखादं अडलेलं काम तिला विचारा, तिचा सल्ला घ्या, आणि तो पाळाही.